फुकट मिळालेल्या सायकलीला वॉरंटी असते का? दान, हक्क आणि ग्राहक कायद्याचा इतिहास

शिबिरात वाटलेली बॅटरीची तीनचाकी सायकल सहा महिन्यांत बंद पडली, की ती वापरणाऱ्या अपंग बांधवाला सगळीकडून एकच प्रश्न विचारला जातो: "फुकटच मिळाली होती ना?" सर्व्हिस सेंटरचा माणूस फोनवर हेच विचारतो, सरकारी कचेरीतला बाबू हेच विचारतो, ज्या नेत्याने हार घालून, फोटो काढून ती वाटली त्याचा कार्यकर्ताही हेच विचारतो. सायकलीबरोबर आलेल्या कार्डावर वॉरंटी छापलेली असते. पण वॉरंटी विकत घेणाऱ्यासाठी असते, दान घेणाऱ्याने तोंड उघडायचे नसते, असा या प्रश्नाचा सरळ अर्थ आहे.

आम्ही गेली काही वर्षे वस्त्यांमधून अपंग व्यक्तींचे दाखले, पेन्शन आणि साधने यांची कामे करतो. या कामात एक गोष्ट वारंवार दिसली. आपल्या कार्यकर्त्याला अ‍ॅट्रॉसिटीची कलमे तोंडपाठ असतात, शिष्यवृत्तीचा जीआर त्याच्या मोबाईलमध्ये असतो, आरटीआयचा अर्ज तो चहा पिता पिता लिहून देतो. पण ग्राहक संरक्षण कायदा म्हटले की तो हात झटकतो. तो कायदा फ्लॅटवाल्यांचा, फ्रिज-टीव्हीवाल्यांचा, असे आपण धरून चाललो आहोत. हा समज चुकीचा आहे, आणि तो कसा तयार झाला हे इतिहासात जाऊन पाहिल्याशिवाय मोडणार नाही.

आधी हा प्रश्न आपला आहे की नाही ते पाहू. २०११ च्या जनगणनेत देशात २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्ती नोंदल्या गेल्या, म्हणजे लोकसंख्येच्या २.२१ टक्के. अनुसूचित जातींमध्ये हेच प्रमाण २.४५ टक्के होते. महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६० हजार. अनुसूचित जातींचा आकडा सरासरीच्या वर का, हे कळायला मोठे संशोधन लागत नाही. गटारात कोण उतरते, बांधकामाच्या परातीखाली कोण उभे असते, ऊसतोडीच्या फडात कुणाचे मूल तापाने फणफणत पडते आणि दवाखाना गाठेपर्यंत उशीर झालेला असतो, हे आपल्याला कुणी सांगायची गरज नाही.

आता १९३२ कडे येऊ. पुणे करार २४ सप्टेंबर १९३२ चा. त्यानंतर लगेच अस्पृश्यता निवारणासाठी एक अखिल भारतीय संस्था उभी राहिली, तीच पुढे हरिजन सेवक संघ झाली. तिचे सचिव होते ठक्करबाप्पा. बाबासाहेब तिसऱ्या गोलमेज परिषदेसाठी बोटीने निघाले होते, तेव्हा नोव्हेंबरमध्ये प्रवासातूनच त्यांनी ठक्करांना एक लांब पत्र लिहिले. ते पुढे १९४५ साली काँग्रेस आणि गांधींवरच्या आपल्या ग्रंथात त्यांनी छापले. त्या पत्राचा मुद्दा असा: अस्पृश्यांना चांगले वागायला शिकवा, वाचनालये काढा, दारू सोडवा, अशी परोपकारी कामे करण्यात संस्थेने शक्ती घालवू नये, गावोगाव नागरी हक्कांची मोहीम काढावी. विहीर, शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने यांवर अस्पृश्यांचा हक्क प्रत्यक्षात वापरला जाईल असे पाहावे. संस्थेने काय केले हे आपल्याला माहीत आहे. तिने सेवा निवडली.

हे पत्र आम्ही इथे का आणतो? कारण अपंगांच्या बाबतीत आजही सेवा निवडली जाते. नावापासूनच पाहा. 'हरिजन' हे नाव आपल्याला विचारून ठेवले नव्हते आणि आपण ते नाकारले. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मधून 'दिव्यांग' हा शब्द पुढे केला, तेव्हा अपंग चळवळीतल्या अनेकांनी नेमका हाच आक्षेप घेतला: आम्हाला दिव्यत्व नको, रॅम्प द्या. शब्द मात्र सरकारी कागदावर रुजला. देवाचा माणूस म्हणायचे आणि हक्काचा हिशेब टाळायचा, ही जुनीच रीत आहे. या लेखात आम्ही 'अपंग' हाच शब्द वापरतो.

वस्तू खराब निघाली तर कुणी कुणाला जाब विचारायचा, याचा कायदा आपल्याकडे इंग्रजांनी आणला. आधी १८७२ च्या करार कायद्यातच मालविक्रीचा भाग होता. १९३० मध्ये त्याचा वेगळा मालविक्री कायदा झाला. तो आजही लागू आहे. त्याचा गाभा असा की घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावे, नंतर रडू नये. याला अपवाद ठेवले आहेत, त्यातला मोठा कलम १६ मध्ये आहे. आपल्याला वस्तू कशासाठी हवी ते घेणाऱ्याने विक्रेत्याला कळवले, त्याच्या जाणकारीवर विश्वास ठेवून वस्तू घेतली आणि विक्रेता त्याच धंद्यातला असला, तर वस्तू त्या कामाला योग्य असलीच पाहिजे. काम उघडच असेल तर तोंडाने सांगायचीही गरज नाही. १९३५ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ऑस्ट्रेलियातल्या एका डॉक्टरच्या खटल्यात हे स्पष्ट केले. लोकरी अंतर्वस्त्रांत राहिलेल्या रसायनामुळे त्याच्या अंगाला त्वचारोग झाला होता. अंतर्वस्त्र अंगात घालण्यासाठीच असते, ते दुकानदाराला वेगळे सांगावे लागत नाही, असा तो निकाल. प्रिव्ही कौन्सिल तेव्हा भारताचेही सर्वोच्च न्यायालय होते. कानाचे मशीन ऐकण्यासाठी असते आणि कॅलिपर चालण्यासाठी, हेही वेगळे सांगावे लागत नाही.

पण या कायद्यात एक भिंत होती. दाद मागणार तो खरेदीदारच, आणि तीही दिवाणी कोर्टात, कोर्ट फी भरून. ज्याने पैसे दिले नाहीत त्याचा विक्रेत्याशी करार नाही, म्हणून त्याचे काही म्हणणेच नाही. "फुकटच मिळाली होती ना?" हा प्रश्न या जुन्या भिंतीचीच वीट आहे.

ही भिंत पहिल्यांदा हादरवली ती एका गरीब बाईने, आणि तीही १९३२ सालीच. स्कॉटलंडमधल्या पेझली गावात मे डोनोह्यू नावाच्या दुकानात काम करणाऱ्या बाईला ऑगस्ट १९२८ मध्ये तिच्या मैत्रिणीने जिंजर बिअर पाजली. पैसे मैत्रिणीने दिले. बाटली गडद काचेची होती. त्यात कुजलेली गोगलगाय असल्याचे डोनोह्यू यांचे म्हणणे होते, आणि त्यांना आजारपण आले. विकत त्यांनी काही घेतले नव्हते. कायद्याच्या जुन्या हिशेबाने त्या उपऱ्या होत्या. त्यांच्याकडे खटल्याला पैसे नव्हते. आपण निर्धन आहोत असे लिहून देऊन त्यांनी इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपर्यंत अपील नेले. २६ मे १९३२ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला: कारखानदाराची जबाबदारी फक्त पैसे देणाऱ्यापुरती नाही, त्याची वस्तू शेवटी जो वापरतो त्याच्याबद्दलही त्याने काळजी घेतली पाहिजे. जगभरच्या कायद्याच्या वर्गांत हा खटला शिकवतात. ती बाई निर्धन म्हणून कोर्टात उभी होती, हे मात्र परीक्षेत विचारत नाहीत.

आपल्याकडे स्वातंत्र्य आले, संविधान आले. कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि विकलांगता यांत सरकारी साहाय्याचा हक्क मिळवून देण्याची तरतूद करावी असे राज्याला सांगितले गेले. तो मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात असल्याने कोर्टात थेट मागता येत नाही, पण तिथे शब्द हक्काचा आहे, दयेचा नाही, हे लक्षात ठेवा. प्रत्यक्षात पुढची तीस वर्षे अपंगांना साधने मिळाली ती मुख्यतः धर्मादाय मार्गाने. जयपूर फूट हे त्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण. १९६० च्या दशकाच्या अखेरीस जयपूरच्या सवाई मानसिंग रुग्णालयात कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी तो पाय घडवला. रबराचा, अनवाणी चालता येईल असा, मांडी घालून बसता येईल असा. १९८१ चा मॅगसेसे पुरस्कार डॉक्टरांना मिळाला. हाताने पाय घडवणाऱ्या मास्तरजींचे नाव किती जणांना ठाऊक आहे? (श्रमाचे श्रेय कुणाच्या खात्यावर पडते, हा वेगळ्या लेखाचा विषय.) १९७५ पासून जयपूरची एक संस्था हे पाय मोफत बसवते. हजारो-लाखो लोक त्यामुळे उभे राहिले, हे आम्ही नाकारत नाही. पण जे मोफत मिळते ते नीट निघाले नाही तर काय, या प्रश्नाचे उत्तर देणाऱ्याच्या चांगुलपणावर सोडलेले होते.

सरकारने १९७२ मध्ये कानपूरला कृत्रिम अवयव बनवणारे महामंडळ स्थापन केले, ते अलिम्को. १९८१ हे आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होते. त्याच वर्षी केंद्राची 'अ‍ॅडिप' योजना सुरू झाली. आज आपण शिबिरांत पाहतो त्या बहुतेक कुबड्या, सायकली, कानाची मशीन याच योजनेतून येतात. आता या योजनेचे पूर्ण नाव मराठीत लिहून पाहा: साधने व उपकरणे यांच्या खरेदीसाठी किंवा बसवण्यासाठी अपंग व्यक्तींना साहाय्य. खरेदीसाठी साहाय्य! म्हणजे योजनेच्या कल्पनेतच खरेदी आहे. सरकार पैसे घालते आहे, एवढेच. ठरावीक उत्पन्नाच्या वर असलेल्याला तर अर्धी किंमत स्वतःच्या खिशातून भरावी लागते. 'दान' हा शब्द त्या कागदावर नाही. तो मांडवातल्या बॅनरवर येतो.

याच काळात दुसऱ्या बाजूला ग्राहक चळवळ उभी राहत होती, आणि तिचे माहेर महाराष्ट्रच. १९६६ मध्ये मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी, १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींची ग्राहक पंचायत, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत. भेसळ, वजनमापे, गॅस सिलिंडर हे त्यांचे विषय. ही चळवळ प्रामाणिक होती, पण तिचे वाडे-चाळी-सोसायट्यांतले रूप आपल्या वस्त्यांपर्यंत आले नाही. नामांतराच्या लढ्यात रक्त सांडत असताना आपल्याला तुरडाळीच्या पाकिटावरची तारीख पाहायला वेळ नव्हता, हेही खरे. त्यामुळे २४ डिसेंबर १९८६ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेला ग्राहक संरक्षण कायदा दुसऱ्या कुणाचा तरी म्हणून आला.

पण तो कायदा वाचला तर त्यात डोनोह्यूबाई बसलेल्या आहेत. ग्राहक कोण? किंमत देऊन वस्तू घेणारा. आणि त्याच्या संमतीने ती वस्तू वापरणाराही. किंमत पूर्ण दिलेली असो, थोडी दिलेली असो, की देण्याचे कबूल केलेले असो. सेवांच्या बाबतीत तर कायद्याने चक्क 'लाभार्थी' म्हणावा असा शब्द वापरला: पैसे दुसऱ्याने दिले असले तरी ज्याला सेवेचा लाभ मिळतो तो. गंमत पाहा. सरकारी कचेरीत 'लाभार्थी' म्हणजे रांगेत मुकाट उभा राहणारा; ग्राहक कायद्यात लाभार्थी म्हणजे तक्रार करू शकणारा.

१९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निकाल आले, ते आपल्या कार्यकर्त्यांनी पाठ करावेत असे आहेत. एप्रिलमध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या प्रकरणात प्रश्न होता 'व्यापारी हेतू'चा. व्यापारासाठी वस्तू घेणारा ग्राहक नव्हे, असे कायदा म्हणतो. पण स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी जो ती स्वतः वापरतो त्याला यातून वगळले आहे, आणि न्यायालयाने त्याचा अर्थ उलगडून सांगितला. तीनचाकीवर टोपली ठेवून भाजी विकणारा माणूस म्हणून ग्राहकच राहतो. नोव्हेंबरमध्ये डॉक्टरांच्या संघटनेने केलेल्या व्ही. पी. शांता प्रकरणाचा निकाल लागला. सगळ्यांनाच मोफत उपचार देणारे रुग्णालय कायद्याबाहेर राहील. पण जिथे काहींकडून पैसे घेतले जातात आणि काहींना मोफत उपचार मिळतात, तिथे मोफत उपचार घेणारा गरीबही ग्राहक आहे, त्याला वगळता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. श्रीमंताला कोर्ट आणि गरिबाला आशीर्वाद, अशी वाटणी चालणार नाही, हा त्यामागचा विचार. साधने बनवणारी कंपनी दुकानात पैसे घेऊन विकते आणि तीच सायकल शिबिराला सरकारकडून किंमत घेऊन देते. या दोन्हींपैकी कुठेही ती 'मोफत' देत नाही. मोफत फक्त शेवटच्या माणसाला वाटते.

इथे थोडे अमेरिकेकडे पाहिले पाहिजे, कारण साधनांच्या वॉरंटीचा प्रश्न राजकीय कसा होतो हे तिथे दिसते. आणि त्या इतिहासाशी आपले नातेही आहे. तिथे चाकाच्या खुर्चीच्या बाजारावर एव्हरेस्ट अँड जेनिंग्ज या एकाच कंपनीची अनेक दशके पकड होती. कंपनी काढणारा हर्बर्ट एव्हरेस्ट स्वतः खाणीतल्या अपघातात अपंग झालेला इंजिनिअर. पण मालक अपंग असला म्हणून मक्तेदारी दयाळू होत नाही. १९७० च्या दशकात तिथल्या सरकारला या कंपनीविरुद्ध मक्तेदारीचा खटला भरावा लागला. त्याच दशकात, एप्रिल १९७७ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत अपंग आंदोलकांनी सरकारी इमारत तीन आठवड्यांहून अधिक काळ ताब्यात ठेवली. मागणी होती ती १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातल्या कलम ५०४ चे नियम लागू करण्याची. आत बसलेल्यांना रोज गरम जेवण कुणी पोचवले? ब्लॅक पँथर पक्षाने. त्यांचा एक कार्यकर्ता, ब्रॅड लोमॅक्स, स्वतः चाकाच्या खुर्चीवर त्या धरण्यात होता. ज्या पँथरांवरून आपल्या दलित पँथरने १९७२ मध्ये मुंबईत नाव घेतले, त्यांनी अपंगांचा लढा आपला मानला होता. आपण आपल्या इतिहासातून हे पान का गाळले, असा प्रश्न आम्हाला पडतो.

त्या चळवळीच्या जोरावर १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी चाकाच्या खुर्च्या आणि इतर साधनांसाठी खास वॉरंटी कायदे केले. गाड्यांसाठी असे कायदे आधीपासून होते. बऱ्याच राज्यांत सूत्र साधारण सारखे: कंपनीने लिहून दिली नाही तरी किमान मुदतीची वॉरंटी आहे असे धरायचे, तोच दोष ठरावीक वेळा दुरुस्त करूनही गेला नाही, किंवा साधन ठरावीक दिवस बंद राहिले, तर बदलून द्या नाही तर पैसे परत करा. २०२२ मध्ये कोलोरॅडो राज्याने पुढचे पाऊल टाकले. मोटरच्या खुर्च्यांचे सुटे भाग, अवजारे आणि माहितीपुस्तिका कंपनीने वापरणाऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही द्यायच्या. आपल्याकडेही त्याच वर्षी केंद्राने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. सुरुवातीला चार क्षेत्रे निवडली: शेतीची अवजारे, मोबाईल-टॅबलेट, घरगुती उपकरणे, वाहने. ज्याचे पायच यंत्र आहेत त्याचे यंत्र त्या यादीत आले नाही.

कर घेताना मात्र यादी बरोबर सापडली. जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा अपंगांच्या चाकाच्या खुर्चीवर ५ टक्के कर लागला, आणि देशभर अपंग संघटनांनी त्याविरुद्ध आवाज उठवला. कर घेताना ग्राहक, दुरुस्ती मागताना लाभार्थी!

खास साधनांसाठीचा वॉरंटी कायदा आपल्याकडे नाही. पण म्हणून हात रिकामे आहेत असे नाही. २०१९ चा नवा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्याने जुन्या कायद्यातला 'वापरणारा' जसाच्या तसा ठेवला. शिवाय उत्पादकाची जबाबदारी हा नवा भाग घातला. कलम ८४ नुसार वस्तू घडवण्यात दोष असेल, आराखड्यातच दोष असेल, दिलेल्या हमीप्रमाणे ती नसेल किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिल्या नसतील, तर उत्पादक जबाबदार. हमी देताना आपला निष्काळजीपणा नव्हता असे त्याने सिद्ध केले तरी सुटका नाही. आणि हमी म्हणजे फक्त छापील कार्ड नव्हे. वस्तूबद्दल केलेले ठोस विधान, दिलेले वचन, वर्णन हेही हमीच. शिबिराच्या मंचावरून कंपनीच्या माणसाने माईकवर "एका चार्जिंगमध्ये इतके किलोमीटर" असे सांगितले असेल, तर त्याचा व्हिडिओ जपून ठेवा.

इथे एक बारकावा आहे, त्यावर अनेक तक्रारी अडखळतात. उत्पादकाच्या जबाबदारीचा हा भाग माणसाला इजा झाली, दुसऱ्या वस्तूचे नुकसान झाले, त्यातून मनस्ताप झाला, अशा हानीसाठी आहे. ब्रेक निकामी होऊन माणूस पडला तर हा रस्ता. नुसतीच सायकल बंद पडली, वॉरंटीत असून दुरुस्त होत नाही, तर तो 'सदोष वस्तू'चा आणि सेवेतल्या त्रुटीचा साधा रस्ता आहे. कलम ३९ खाली आयोग दोष काढायला सांगू शकतो, नवी वस्तू द्यायला सांगू शकतो, किंमत परत करायला सांगू शकतो आणि भरपाई देऊ शकतो. तक्रार लिहिताना कुठला रस्ता धरतो आहोत ते ठरवूनच लिहावे. दोन्ही लागू असतील तर दोन्ही स्पष्ट लिहावे.

आमच्या कामातले एक प्रकरण सांगतो. एका काकांना शिबिरातून बॅटरीची तीनचाकी मिळाली. ते तिच्यावर कोथिंबीर, लिंबू, मिरची घेऊन बाजाराच्या तोंडाशी बसत. पावसाळा संपायच्या आत बॅटरी धरेना, मग मोटर आवाज करू लागली. कंपनीच्या माणसाने आधी फोन उचलले, मग उचलणे बंद केले. लेखी विचारल्यावर उत्तर आले ते तीन ओळींचे: गाडी व्यापारासाठी वापरली, तिच्यावर बदल केले, आणि ती मोफत मिळाली आहे, म्हणून वॉरंटी लागू नाही. बदल म्हणजे काय, तर मागे सुतळीने बांधलेली प्लास्टिकची टोपली. तीनही मुद्द्यांना आम्ही वर सांगितलेल्या कायद्याने उत्तर दिले. स्वयंरोजगार व्यापार नव्हे. टोपली बांधल्याने बॅटरीत दोष येत नाही; गैरवापर किंवा फेरफार हा बचाव कायद्यात आहे, पण दोषाशी त्याचा संबंध काय ते सांगा. आणि किंमत सरकारने दिली आहे, काका सरकारच्या संमतीने वापरणारे आहेत. वकिलाची नोटीस गेल्यावर पंधरा दिवसांत बॅटरी आणि मोटर बदलून मिळाली. बुडालेल्या चार महिन्यांच्या कमाईबद्दल मात्र कंपनी एक शब्द बोलत नाही. ती मागणी आयोगापुढे आहे, आणि समोरच्या वकिलाने पहिला आक्षेप घेतला तो हाच, की हे ग्राहक नाहीत, लाभार्थी आहेत.

हा आक्षेप आपण गंभीरपणे घेतला पाहिजे. सरकारी योजनेतून पूर्ण मोफत मिळालेल्या वस्तूच्या बाबतीत आयोगापुढे वाद होणार, तो टाळता येणार नाही. म्हणून तक्रारीत पहिल्याच पानावर तीन गोष्टी याव्यात असे आमचे मत आहे: योजनेचे पूर्ण नाव, त्यातला 'खरेदी' हा शब्द अधोरेखित करून, सरकारने किंवा निधी देणाऱ्या संस्थेने उत्पादकाला दिलेली किंमत, जी आरटीआयने मागवता येते, आणि वाटपाची पावती, जिच्यावरून वापराची संमती दिसते. कुणी अर्धी रक्कम भरली असेल तर ती पावती सगळ्यांत वर. विरुद्ध पक्ष म्हणून उत्पादक आणि पुरवठादार दोघांनाही घ्यावे. एकाच शिबिरातल्या बऱ्याच सायकली एकाच दोषाने बंद पडल्या असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एकच तक्रार करता येते. एकट्या माणसाला "तुम्हीच नीट वापरली नसेल" म्हणणे सोपे असते, वीस जणांना तेच म्हणणे अवघड जाते.

पैशाची भीती घालून घेऊ नका. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी नाही. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते. कार्डावर "वाद दिल्लीच्या न्यायालयातच" असे छापलेले असले तरी त्याला घाबरायचे कारण नाही. तक्रार ऑनलाईन दाखल करण्याची सोय आहे आणि अर्ज करून कारणे दिली तर व्हिडिओवरून सुनावणीची मागणी करता येते. ज्याला बसमध्ये चढता येत नाही त्याच्यासाठी हे कारण आणखी काय मोठे लागते? त्याआधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला १९१५ वर फोन करून नोंद करावी; काही कंपन्या तेवढ्यानेच हलतात. वकील लागलाच, तर विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, स्त्री आणि अपंग व्यक्ती यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, त्यांना उत्पन्नाची अट नाही. आपल्यातले अनेक जण दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले आहे म्हणून मागे राहतात. १९९० पासून बौद्ध धर्म स्वीकारलेले अनुसूचित जातीचे लोकही या यादीत आहेत. आणि अपंगत्वाचा दाखला असेल तर जातीचा प्रश्न मुळात येतच नाही.

अपंग हक्क कायदा, २०१६ चा मार्गही बंद नाही. त्याच्या कलम २४ मध्ये उत्पन्नाच्या मर्यादेत मोफत साधने हा सामाजिक सुरक्षेचा भाग म्हणून लिहिला आहे. चालत नाही ते साधन 'दिले' असे म्हणता येईल का, हा प्रश्न पुण्याच्या अपंग आयुक्तांपुढे नेता येतो. तिथे दाद सरकारी यंत्रणेविरुद्ध, ग्राहक आयोगात दाद कंपनीविरुद्ध. ग्राहक कायद्याचे कलम १०० सांगते की हा कायदा इतर कायद्यांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

मुदत मात्र पाळावी लागते: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षे. "येतो, बघतो, पार्ट मागवलाय" या तीन वाक्यांत कंपनीवाले ही दोन वर्षे आरामात काढतात. म्हणून प्रत्येक बिघाड व्हॉट्सअ‍ॅपवर किंवा रजिस्टर पोस्टाने लेखी कळवावा, आणि शिबिराच्या दिवशीच मांडवाबाहेर एक टेबल टाकून आपल्या शाखेने प्रत्येक साधनाचा सिरीयल नंबर, कार्डाचा फोटो, पावतीचा फोटो आणि वापरणाऱ्याचा फोन नंबर एका वहीत उतरवून घ्यावा. येत्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, ठिकठिकाणी शिबिरे लागतील.